कुठला मारुती?

पुण्यात रिक्षात बसून "मारुतीच्या देवळापाशी घ्या" एवढंच म्हणालात, तर रिक्षावाला मीटर टाकणार नाही. मान न वळवता विचारेल, "कुठला मारुती?" त्याचं बरोबर आहे. जुन्या पेठांत जिलब्या मारुती आहे, पत्र्या मारुती आहे, डुल्या आहे, बटाट्या, उंटाड्या, गवत्या आणि भिकारदासही आहे. बरं, हे मारुतीवर थांबत नाही. पासोड्या विठोबा, निवडुंग्या विठोबा, उपाशी विठोबा, गुपचूप गणपती, माती गणपती, दाढीवाला दत्त आणि सगळ्यांवर कडी म्हणजे खुन्या मुरलीधर. परगावच्या माणसाला ही देवांची यादी वाटतच नाही, तालमीतल्या पोरांची हजेरी वाटते.

वाटायलाच हवी. बंड्या, गोट्या, पक्या, दिल्या. ज्याला लहानपणापासून पाहिलंय, ज्याच्याशी विटीदांडूवरून भांडलोय, त्याच्याच नावाच्या शेपटाला मराठी माणूस हा 'या' लावतो. मामलेदाराला लावत नाही. सावकाराला तर त्याच्या पाठीमागेच. जनाबाई विठोबावर चिडली की हाच 'या' वापरायची, पण ती जनाबाई होती, तिचा अधिकार होता. पुण्यातल्या पेठकऱ्यांनी हा अधिकार कुणाला न विचारता घेतला आणि देवांच्या आख्ख्या पंगतीला टोपणनावं ठेवली. कशी ठेवली, हे बघायचं असेल तर रिक्षा सोडा. पायी निघा, आणि निघताना घड्याळ काढून खिशात टाका.

१७६१. माघातली रात्र. नागझरीच्या ओढ्यावरून गार वारा येतोय आणि तुम्ही गणेश पेठेत एका लहानशा देवळासमोर उभे आहात. रस्त्यावर दिवा नाही. वाड्यांचे दिंडीदरवाजे बंद आहेत, पण आत कुणी झोपलेलं नाही. भिंतीला कान लावायची गरज नाही, कण्हणं बाहेर ऐकू येतं. पौष शुद्ध अष्टमीला, म्हणजे १४ जानेवारीला, पानिपतावर जे झालं त्याची बातमी दख्खनेत तुकड्यातुकड्यांनी उतरते आहे. भाऊसाहेब गेले म्हणतात, विश्वासराव गेले म्हणतात. नाही, भाऊसाहेब जिवंत आहेत, जखमी आहेत, गोसाव्याच्या वेषात येताहेत, असंही कुणी म्हणतं. ज्या घरातला पोरगा बाजारबुणग्यांत गेला होता, त्या घराला तर कुणी काहीच सांगत नाही. त्याचं नाव कुठल्या पत्रात असणार?

देवळाच्या पायरीवर एक म्हातारी बसली आहे. तुम्ही विचारलं नाही तरी ती सांगते. "अष्टमीला मारुती डुलत होता, बाबा. ह्या डोळ्यांनी पाहिलं. इकडून तिकडे, इकडून तिकडे." तुम्ही आत डोकावता. शेंदराचे थरावर थर चढलेली मूर्ती, पुढे तेलाचा एकच दिवा. वाऱ्याने ज्योत हलते, ज्योतीबरोबर सावली हलते आणि क्षणभर तुम्हालाही वाटतं की खांदे हलले. आता तुम्ही विसाव्या शतकात विज्ञान शिकलेले आहात, तेव्हा म्हातारीला प्रकाश आणि सावली समजावून सांगायची तुमची जीभ वळवळेल. गप्प बसा. तिला शवही मिळालेलं नाही आणि दिवसकार्य करायला मृत्यूची तिथीही कुणी खात्रीने सांगत नाही. देव डुलला ती अष्टमी, एवढाच तिच्याजवळ पुरावा आहे.

काही दिवस थांबलात तर दुसरी गोष्टही कानावर येईल. देव दुःखाने नाही डुलला, त्याच्या अंगात युद्ध संचारलं होतं. दोन माणसं, दोन कारणं. पेशवे नानासाहेब खचून परतले आणि २३ जूनला पर्वतीवर वारले, ते इतिहासात नोंदलं गेलं. सरदारांच्या बखरी झाल्या. गणेश पेठेने स्वतःचा शोक कुठे लिहिला नाही. तिने फक्त मारुतीला 'डुल्या' म्हणायला सुरुवात केली.

त्याच सुमाराला मुठेवर घाईघाईत एक लाकडी पूल उभा राहिला, पानिपताहून परतणाऱ्या लोकांसाठी, असं परंपरा सांगते. पुढे लाकूड गेलं, दगडी पूल आला, कागदोपत्री त्याचं नाव संभाजी पूल झालं. लोक अजून लकडी पूल म्हणतात. आणि खालच्या अंगाचा १९२३ साली झालेला लॉईड ब्रिज, म्हणजे आताचा शिवाजी पूल, शंभरी ओलांडूनही 'नवा पूल'च आहे. पुणेकर एकदा नाव ठेवतो आणि मग वस्तू बदलली म्हणून नाव बदलण्याचा त्रास घेत नाही.

बुधवारात वळा. जिथे पासोड्या, घोंगड्या विकायला मांडलेल्या दिसतील तिथेच पलीकडे विठोबा आहे. त्याचं नाव काय असेल ते सांगायला नको. रास्ता पेठेच्या बाजूला उंट बांधलेले दिसतील, त्यांच्या वासाने नाक धरलंत की समजा उंटाड्या मारुती जवळ आला. शेजारी कोण, यावरून देवाचं नाव. देऊळ कुणी बांधलं, पैसा कुणी दिला, हे दगडावर कोरलेलं असू शकतं, पण दगड वाचायला थांबतो कोण? उंट मात्र न वाचताच कळतो.

इथून पुढची चाल जरा जपून. तुम्ही १७९७ मध्ये सदाशिव पेठेत आहात आणि रात्रीची तोफ होऊन गेली आहे. तोफेनंतर रस्त्यावर सापडलेल्या माणसाची रात्र चावडीत जाते, तेव्हा भिंतीच्या कडेने चाला. शहराची हवा वाईट आहे. सवाई माधवराव जाऊन दोन वर्षं झाली, गादीवर दुसरा बाजीराव आला आहे, नाना फडणीस म्हातारे आणि साशंक झाले आहेत, दौलतराव शिंद्यांची फौज शहराबाहेर पडून आहे. वाड्यावाड्यात पगारी अरब पहारेकरी आहेत, कारण कुणाचा कुणावर भरवसा नाही.

सदाशिव रघुनाथ ऊर्फ दादा गद्रे हे शहरातले बडे सावकार. त्यांनी मुरलीधराचं देऊळ बांधलं आहे. आत संगमरवरातली मूर्ती आहे, बखतराम नावाच्या कारागिराने घडवलेली. गोष्ट अशी सांगतात की ही मूर्ती इतकी देखणी उतरली की नाना फडणिसांनाच ती हवीशी झाली. त्यांचं विष्णूचं देऊळ बेलबागेत होतंच. आता कारभाऱ्याला 'नाही' कसं म्हणायचं? सावकाराने शक्कल काढली. मागणीचा निरोप पक्का होण्याआधी प्राणप्रतिष्ठा उरकून टाकायची. एकदा देव बसला की त्याला उठवण्याचं पाप कोण घेणार?

तुम्ही कोपऱ्यावर आहात तेवढ्यात आरडाओरडा होतो. जंबिये, तलवारी, मग बंदुकांचा बार. अरबी शिव्या आणि त्यात मिसळलेली परकी हुकमांची भाषा. तुम्ही एका बोळात अंग चोरता. आवाज थांबतात तेव्हा देवळासमोरची माती ओली झालेली आहे आणि पाऊस पडलेला नाही.

सकाळी हौदावर पाणी भरायला आलेल्या बायकांमागे उभे राहा आणि ऐका. एक म्हणते, नानांची माणसं मूर्ती न्यायला आली होती, गद्र्यांच्या अरबांनी कापली. दुसरा, पागोट्याचा गृहस्थ, खाकरून सांगतो की मूर्तीचा काही संबंध नाही, अरबांची आणि बॉईडच्या पलटणीची रस्त्यावरून जाण्यावरून जुंपली. मेले किती? पन्नास, साठ, शंभर. हौदावर आकडा दर घागरीला वाढतो.

बॉईड हे नाव लक्षात ठेवा, कारण पुण्याच्या आख्यायिकांत 'इंग्रज कप्तान' म्हणून वावरणारा हा माणूस बहुधा इंग्रज नव्हताच. जॉन पार्कर बॉईड हा अमेरिकन, मॅसॅच्युसेट्सचा. हिंदुस्थानात येऊन त्याने स्वतःची भाडोत्री पलटण उभी केली, आधी निजामाकडे आणि मग १७९६ च्या सुमाराला पेशव्यांकडे चाकरीला राहिला. पुढे मायदेशी परतला, अमेरिकेच्या फौजेत शिरला आणि १८११ साली टिपेकॅनूच्या लढाईत तिथल्या मूळ रहिवाशांविरुद्ध लढला. सदाशिव पेठेतल्या त्या मुरलीधरासमोरून गेलेला माणूस तिकडे सेनापतिपदापर्यंत चढला. इथे मागे राहिलं ते देवाचं नाव.

आणि नावही काय! ज्याच्या दारात खून पडले त्याच्यावरच खुनाचं कलम लागलं. हातात शस्त्र नाही, ओठाला बासरी, प्रतिष्ठा होऊन एक दिवसही न झालेला देव, आणि गाव त्याला म्हणतं 'खुन्या'. खरा आरोपी हाती लागत नाही किंवा त्याचं नाव घ्यायची छाती होत नाही, तेव्हा असं होतं. नाना फडणिसाला कोण खुन्या म्हणणार? पलटणीच्या कप्तानाला कोण म्हणणार? त्या वर्षाअखेर, ३१ डिसेंबरला, नाना स्वतःच शिंद्यांच्या कैदेत पडले आणि पुढल्या साली सर्जेराव घाटग्याने पुण्यातल्या पैसेवाल्यांना पिळून काढलं. त्या भानगडीत मूर्तीची भानगड किरकोळ ठरली. मुरलीधर मात्र आपलं बिरुद घेऊन जागच्या जागी उभा राहिला.

ह्या नावाशी आपलं अजून काम आहे, पण मध्ये थोडं फसवं वळण आहे. टोपणनावं म्हटली की हसू येतं आणि हसू आलं की माणूस चौकशी करायची सोडून देतो. भिकारदास मारुती म्हणजे भिकाऱ्यांचा मारुती, हे कुणीही ठोकून देईल. प्रत्यक्षात भिकारदास हे गुजराती सराफाचं नाव, त्याच्या जागेतला मारुती तो भिकारदास मारुती. नवसाने झालेल्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून भिकू, भिकाजी असं नाव ठेवण्याची चाल आपल्याकडेही आहेच. थोडक्यात, पुण्यातल्या सर्वांत गरीब नावाचा मारुती सावकाराघरचा आहे. शनिवारातल्या गुपचूप गणपतीपुढे तुम्ही आवाज खाली आणाल. आणू नका. गुपचूप हे आडनाव आहे, चांगलं चालतंबोलतं मराठी आडनाव. आणि नारायण पेठेतला मोदी गणपती? १८१० च्या आसपास तिथे जाऊन उभे राहिलात तर बाग दिसेल, मालक पारशी. खुश्रूशेट मोदी इंग्रज रेसिडेन्सीत वजनदार माणूस होते, त्यांच्या बागेवरून गणपतीला मोदी म्हणू लागले. पारशाचं आडनाव गणपतीला लागलं म्हणून पेशवाईच्या पुण्यात कुणाची सोवळी विटाळली नाहीत. हे आजच्या लोकांनी ऐकून ठेवण्यासारखं आहे.

पुढची उडी सत्तर वर्षांची. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर या. वाडा म्हणजे आता तटबंदी आणि आत राख, १८२८ च्या आगीत सगळं गेलं. ज्या पटांगणात स्वाऱ्या निघायच्या तिथे भाजीबाजार भरतो. पाट्या, पोती, धुरळा, गाढवं. "घ्या मावशी, जुन्नरी माल" अशी हाळी. पोत्यातून जे बाहेर पडतंय ते जरा निरखून बघा. बटाटा. दक्षिण अमेरिकेतला कंद, पोर्तुगिजांनी आणलेला, नावही त्यांचंच, आणि इंग्रजी अमदानीत खेड-जुन्नरकडच्या मातीत रुजलेला. बाळाजी विश्वनाथाच्या पानात हा कधी वाढला गेला नसेल. आता त्याचे ढीग लागलेत आणि ढिगांमध्ये, जणू आपणही विकायला बसलोय अशा थाटात, मारुती. बटाट्या.

५ ऑक्टोबर १८८६ ला शुक्रवार पेठेत नगरपालिकेची नवी दगडी मंडई उघडली. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शाळांवर घाला, असं सांगणाऱ्या जोतीराव फुल्यांचंच नाव पुढे आचार्य अत्रे पालिकेत असताना त्या मंडईला मिळालं. इतिहासाची ही खोड जुनीच. बाजार उठून मंडईत गेला, भाजीवाल्या गेल्या, पोती गेली, शेवटचा बटाटा गेला. मारुती कसा जाणार? तो वाड्यासमोर आहे तिथेच आहे, आणि शनिवारवाडा बघायला येणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना कळत नाही की याचा आणि बटाट्याचा संबंध काय. थोरल्या बाजीरावाचं राहतं घर राखेत गेलं आणि भाजीवाल्यांची आठवण टिकली, हे मला तरी वाईट वाटत नाही.

तुळशीबागेकडे निघालात की वाटेत भूक लागेल. जिलब्या मारुती त्याचसाठी आहे. हलवाई शेजारी, तळणीचा वास थेट गाभाऱ्यात, आणि हलवायाने कौतुकाने देवाच्या गळ्यात जिलब्यांची माळ घातली. रुईच्या पानांची सवय असलेल्या देवाला पाकाची माळ! हे कुठल्या साली घडलं ते शोधत बसू नका, एक जिलबी खा आणि पुढे चला. नारायण पेठेतल्या पत्र्या मारुतीपाशी तर थांबायचंही कारण नाही. छपराला पत्रे होते म्हणून पत्र्या. एवढंच. सदाशिवातल्या उपाशी विठोबाकडे मात्र हात हलवत जाऊ नका. त्याच्या भक्ताचा कडक उपास असायचा आणि भक्त जे खाई तेच देवाला, म्हणून देवाच्याही वाट्याला वर्षभर उपासाचं आलं, असं सांगतात. चूक भक्ताची, नाव देवाचं. मुरलीधराने ऐकलं तर म्हणेल, "तुमचं परवडलं."

त्याच्याचकडे परत जाऊ. सदाशिव पेठ, ८ फेब्रुवारी १८९९, रात्र. प्लेगने शहर दोन वर्षं पोखरलं आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदर चापेकर फाशी गेले, बाळकृष्ण पकडले गेले. बातमी कुणी दिली, हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे. द्रविड बंधू, गणेश आणि रामचंद्र. सरकारी बक्षीस त्यांनी घेतलं आहे. तुम्ही रस्त्याच्या कडेला आहात. दोन तरुण वेष पालटून येतात, द्रविडांच्या दारात निरोप देतात की ब्रुइनसाहेबांनी बोलावलंय. ब्रुइन हा पोलीस अधिकारी, त्याचं बोलावणं म्हटल्यावर भाऊ बाहेर पडतात. थोडं अंतर. मग गोळ्या.

ते तरुण म्हणजे वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे. मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण तिघेही येरवड्याला फासावर गेले, चार दिवसांच्या आत. आणि इकडे सदाशिव पेठेत, शंभर वर्षांपूर्वीपासून 'खुन्या' म्हणवणाऱ्या देवाच्या परिसरात, पुन्हा खून पडले होते.

आता गंमत बघा. १९२० मध्ये त्या देवळासमोर एखाद्या पोराला विचारा, याला खुन्या का म्हणतात? तो छाती काढून सांगेल, "चापेकरांनी द्रविडांना इथंच उडवलं म्हणून." त्याला दादा गद्रे माहीत नाहीत, बॉईड माहीत नाही, अरब तर अजिबातच नाहीत. त्याचे आजोबा आतून ओरडतील, "गाढवा, ते नाव त्याच्या आधीचं आहे!" दोघांचं भांडण ऐकत पायरीवर बसा. सन पाहिलं तर आजोबा जिंकतात. पण नातवाला नुसता चुकला म्हणून हाकलू नका. खुन्या या नावात जागा रिकामी झाली होती. आधीची माणसं गेली, आधीचं भांडण कुणाला उरलं नव्हतं, आणि नव्या पिढीने आपल्या काळजाला लागलेली घटना तिथे नेऊन ठेवली. डुल्याच्या बाबतीत शोक की युद्धाचा संचार, हा वाद तसाच. नाव टिकतं, कारणं भाडेकरूंसारखी येतात आणि जातात.

मला विचाराल तर टोपणनावाची खरी ताकद इथे आहे. शिलालेखात एकच गोष्ट कोरता येते आणि ती बांधणाऱ्याची असते. टोपणनाव रस्त्यावरच्या माणसाचं असतं आणि ते दुरुस्त करायला परवानगी लागत नाही. गणेशोत्सव घ्या. १८९० च्या दशकात सार्वजनिक गणपती बसू लागले. एका गणपतीचं नाव पडलं दगडूशेठ हलवाई, दुसऱ्याचं भाऊ रंगारी. मिठाई करणारा एक, कापड रंगवणाऱ्यांतला एक. विद्येची देवता म्हणवणाऱ्या दैवताला पुण्याने शास्त्र्यापंडिताचं नाव दिलं नाही, दुकानदारांचं दिलं. विद्वानांच्या म्हणून मिरवणाऱ्या ह्या शहरात हे घडलं, हे विद्वानांनी मनाला लावून घेऊ नये.

आता खिशातलं घड्याळ काढा. आजचं पुणे. २९ सप्टेंबर २०२४ पासून शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो धावते आणि मधली स्थानकं आहेत कसबा पेठ आणि मंडई. तुमच्या डोक्यावरून, काही मीटर वर, बटाट्यापासून जिलब्यापर्यंतचा सगळा प्रवास काही मिनिटांत संपतो. वर आलात की मोबाइलचा नकाशा बाईच्या आवाजात 'खुन्या मुरलीधर' म्हणतो, बिनदिक्कत, कसलाही खुलासा न करता. जुन्या देवळांवर नव्या पाट्या लागताहेत. श्री अमुक देवस्थान ट्रस्ट, जागृत, नवसाला पावणारा. पाटीवर जिलब्या शब्द लहान टायपात कंसात ढकललेला कुठे दिसला तर समजा, विश्वस्तांना देवाची लाज वाटू लागली आहे. कोथरूड-बाणेरकडच्या नव्या देवळांना सोसायटीचं नाव मिळतं किंवा नगरसेवकाचं. तिथे शेजारी बसणारं कुणी उरलेलं नाही. वडापावची गाडीही अतिक्रमणवाले उचलून नेतात, मग 'वडापाव्या' मारुती व्हायचा कसा?

पण नाना पेठेत एकदा जाऊन या, ज्येष्ठ वद्यात, पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते. एके काळी तिथे पेठेची कड होती, निवडुंग माजला होता आणि त्या काट्यांत विठोबाची मूर्ती सापडली, म्हणून निवडुंग्या. आता निवडुंगाचं एक पातं औषधाला मिळणार नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले वारकरी, पायाला फोड आलेले, गर्दीतून विचारत येतात, "माउली, निवडुंग्या कुणीकडं?" नाव विचित्र आहे, हे त्यांच्यापैकी एकाच्याही चेहऱ्यावर दिसत नाही. तुकोबा जिथे टेकतात ती जागा, तिचं नाव काटेरी असणार यात त्यांना नवल वाटण्यासारखं काय आहे?

तुम्हाला एक काम सांगतो. तुमच्या गल्लीत, गावात, वेशीवर असा एखादा 'या' लागलेला देव असेलच. त्याच्यासमोर दुकान मांडून बसलेल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला कारण विचारा आणि वहीत उतरवून ठेवा, तारखेसकट. मग समोरच्या घरी विचारा. तिथे वेगळंच कारण ऐकायला मिळालं तर वाद घालू नका, तेही खाली लिहा. आणि देवळाच्या रंगरंगोटीची सभा लागेल तेव्हा तेवढी वही घेऊन जा, म्हणजे पाटी रंगवणाऱ्याला जुनं नाव मोठ्या अक्षरात काढायला सांगता येईल.